दोन हद्दींवरचे पूल

मुंबईत लोकलच्या रुळांवरून जाणारे जुने रस्तेपूल गेल्या दहा-अकरा वर्षांत एकामागोमाग एक पाडावे लागले, आणि त्यांच्या बांधणीची वर्षे पाहिली तर त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही : मशीद बंदराजवळचा कर्नाक पूल १८६८ चा, सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल मूळचा १८७९ चा आणि १९२३ मध्ये नव्याने बांधलेला, मुंबई सेंट्रलजवळचा बेलासिस पूल १८९३ चा, शीवचा १९१२ चा आणि परळ-प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टन पूल १९१३ चा. त्यांच्या मानाने अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल १९७५ चा, म्हणजे अगदी अलीकडचा. तरीही सर्वांत जास्त गाजला तो तोच. पूल थकला आहे हे कळायला फारसा वेळ लागत नाही, आणि देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका ज्या शहरात आहे तेथे नव्या पुलासाठी पैसाही सहसा अपुरा पडत नाही. असे असूनही एक पूल पाडून त्याच जागी दुसरा पुरता उभा राहायला अडीच ते साडेसहा वर्षे लागल्याची उदाहरणे याच शहरातील आहेत. या विलंबाचे मूळ लोखंडात किंवा तिजोरीत शोधण्यापेक्षा रेल्वेची हद्द जेथे संपते आणि महापालिकेची सुरू होते त्या रेषेवर शोधणे अधिक उपयोगाचे ठरते.

रेल्वेमार्गावरून रस्ता नेणाऱ्या पुलाला दोन्ही यंत्रणांच्या कार्यालयांत 'आरओबी' या आद्याक्षरांनीच ओळखले जाते. वरून जाणाऱ्याला तो सलग एकच पूल वाटतो. कागदोपत्री मात्र त्याचे दोन भाग असतात. रुळांच्या थेट वरचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधला अधांतरी भाग, रेल्वेच्या जमिनीवर उभा असतो, तर त्याच्या दोन्ही अंगांनी उतरत जाणारे पोहोचमार्ग शहराच्या रस्त्यांवर टेकतात. मुंबईत रूढ झालेल्या व्यवस्थेनुसार रेल्वे हद्दीतील भागाची दुरुस्ती रेल्वेने करायची आणि तिचा खर्च महापालिकेने द्यायचा, पोहोचमार्ग महापालिकेने स्वतःच सांभाळायचे, आणि वरचे डांबर, पदपथ, दिवे, त्याखालून गेलेल्या केबल यांचा हिशेब या दोहोंच्या मध्ये कोठेतरी लटकत राहायचा. पैसे देणारा एक, काम करणारा दुसरा आणि वापरणारा तिसरा असला की पाहणीच्या नोंदवहीत कोणाची सही हवी, हा प्रश्न गंज किती आहे या प्रश्नाइतकाच अवघड होऊन बसतो.

३ जुलै २०१८ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, गोखले पुलाच्या पदपथाचा भाग पश्चिम रेल्वेच्या रुळांवर कोसळला आणि ही व्यवस्था अचानक उघडी पडली. दुर्घटनेनंतरचा पहिला सार्वजनिक वाद पूल का पडला यावर न होता तो कोणाचा यावर झाला : महापालिकेचे म्हणणे असे की देखभालीचे पैसे रेल्वेला दिले जातात, आणि रेल्वेचे म्हणणे असे की पूल महापालिकेचा आहे. चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे गेली. रेल्वेच्या सुरक्षेची तपासणी करणारे हे पद रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असते, आणि ते मुद्दामच तसे ठेवलेले आहे. जो गाडी चालवतो त्यानेच स्वतःचा न्याय करू नये, हा त्यामागचा विचार. पुलांच्या बाबतीत असा अलिप्त तपासनीस नेमण्याची गरज मात्र शहरांना अद्याप तितकीशी वाटलेली नाही.

पदपथ कोसळण्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे, कारण शहरातील बहुतेक पूल याच रीतीने हळूहळू निकामी होतात. मुख्य पूल दोन टोकांना टेकलेला असतो, परंतु पदपथ पुष्कळदा त्याच्या कडेने बाहेर काढलेल्या लोखंडी हातांवर तोललेला असतो, ज्यांना ब्रॅकेट म्हणतात. पूल बांधताना या हातांनी किती भार पेलायचा हे ठरलेले असते : पादचारी, कठडा आणि पातळसा थर. पुढे चाळीस वर्षांत तेथे केबल टाकल्या जातात, त्या झाकण्यासाठी वाळू भरली जाते, वाळूवर पेव्हर ब्लॉक बसतात, आणि दर नव्या थराबरोबर भार वाढत जातो, तर खालच्या बाजूला पाझरणाऱ्या पाण्याने आणि समुद्रावरच्या खाऱ्या हवेने लोखंड झिजत असते. भार वाढणे आणि ताकद घटणे या दोन्ही गोष्टी एकमेकींना न सांगता चालू राहतात. वर काम करणाऱ्या केबलवाल्याला खालचा गंज दिसत नाही; खालचा गंज पाहू शकणाऱ्याला वरच्या परवानग्यांशी देणेघेणे नसते.

खालून पाहणे हेही सोपे नाही. रुळांवर २५ हजार व्होल्टची विद्युतवाहिनी असल्यामुळे पुलाच्या पोटाशी जायचे तर आधी वीजपुरवठा बंद करून गाड्या थांबवाव्या लागतात, म्हणजेच 'ब्लॉक' घ्यावा लागतो, आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवर तो मिळतो रात्री शेवटची गाडी गेल्यानंतर पहाटेची पहिली सुटेपर्यंतच्या दोन-तीन तासांत. शिडी लावणे, दिवे लावणे आणि सामान हलवणे यातच त्यातला बराच वेळ जातो. उरलेल्या वेळात अभियंते ज्या चाचण्या करतात त्यांना अविघातक चाचण्या म्हणतात, म्हणजे पूल न फोडता आतले कळून घेण्याच्या पद्धती : काँक्रीटवर स्प्रिंगचा हातोडा आपटून तो किती उसळतो ते मोजणे, एका बाजूने ध्वनिलहरी सोडून त्या दुसऱ्या बाजूला किती वेगाने पोहोचतात ते पाहणे, सळईच्या विद्युतदाबावरून तिला गंज चढतो आहे का याचा अंदाज बांधणे. काँक्रीटच्या आत अल्कलीचे प्रमाण जास्त असते तोवर सळई सुरक्षित असते. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि खाऱ्या हवेतले क्लोराइड आत शिरले की हे कवच मोडते, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतूनच काँक्रीट फोडून काढतो. पुलाखाली उभे राहिल्यावर ज्या खपल्या निघालेल्या दिसतात त्या रोगाच्या अखेरच्या टप्प्याच्या खुणा असतात.

अशा तपासणीला सामान्य बोलण्यात स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, आणि हा शब्द वर्तमानपत्रांतून इतका गुळगुळीत झाला आहे की ऑडिट झाले म्हणजे पूल सुरक्षित झाला असा समज रुजला आहे. गोखले पुलाच्या दुर्घटनेनंतर रेल्वेमंत्र्यांनी मुंबईतील रुळांवरच्या ४४५ पुलांच्या संयुक्त तपासणीची घोषणा केली, महापालिकेनेही आपल्या पुलांची तपासणी करवून घेतली, आणि त्याच तपासणीत केवळ किरकोळ दुरुस्तीची शिफारस झालेला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी गर्दीच्या वेळी खाली आला. तपासणी ही एका दिवसाची, दिसलेल्या भागाची आणि मोजलेल्या बिंदूंची नोंद असते. तिच्यावरून निर्णय घेणाऱ्याने तिच्या मर्यादा वाचल्या नाहीत तर ती सावध करण्याऐवजी निर्धास्त करते, आणि हा तोटा तपासणीच न होण्यापेक्षा मोठा आहे.

दुरुस्ती की नवा पूल, हा निर्णय केवळ ताकदीवर होत नाही. ज्या काळी कर्नाक किंवा हँकॉक पूल बांधले गेले त्या काळी त्यांच्याखालून वाफेची इंजिने जात. पुढे १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर गाड्या धावू लागल्या आणि एकविसाव्या शतकात हे मार्ग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर आले. दाब वाढला की तार आणि पुलाचे पोट यांच्यात जास्त मोकळे अंतर लागते, त्यामुळे दगडी आधारांवर आणखी काही वर्षे टिकू शकणारा पूलही रेल्वेच्या दृष्टीने ठेंगणा, म्हणून निरुपयोगी ठरतो. शीवच्या पुलाचे प्रकरण याहून वेगळे : कुर्ल्यापर्यंत पाचवी आणि सहावी मार्गिका टाकायची तर रुळांसाठी जागा रुंद हवी आणि जुन्या पुलाचे आधार नेमके त्या जागेत येतात. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला पूल धोकादायक झाल्यामुळे पाडला असे वाटते, आणि तेही खरेच असते, परंतु त्याच्या बदलीची वेळ आणि आकार ठरवण्यात खालच्या रुळांचा वाटा वरच्या रस्त्यापेक्षा मोठा असतो.

उंचीचा हा मुद्दा कागदावर जितका साधा दिसतो तितका जमिनीवर नसतो. रस्त्याचा चढ साधारणपणे तीस मीटरला एक मीटरपेक्षा तीव्र नसावा असा संकेत आहे. याचा अर्थ रुळांवरचा गाळा एक मीटरने वर उचलायचा ठरला तर प्रत्येक बाजूचा पोहोचमार्ग तीस मीटर लांबतो, आणि मुंबईत पुलाच्या पायथ्यापासून तीस मीटरवर दुकान, देऊळ, सिग्नल, बसथांबा, चाळीचे प्रवेशद्वार यांतले काही ना काही असतेच. पोहोचमार्ग लांबवला तर चौक गिळला जातो. न लांबवला तर चढ तीव्र होतो आणि भरलेली मालमोटार पावसात मध्येच अडकते. रेल्वे जेव्हा उंची वाढवण्याची अट घालते तेव्हा त्या अटीची किंमत तिला स्वतःला जवळजवळ काहीच द्यावी लागत नाही. ती हद्दीपलीकडे, महापालिकेच्या भूसंपादनाच्या नोंदीत दिसते.

गोखले पुलाच्या बाबतीत या अटीने जे घडवले ते देशभर चेष्टेचा विषय झाले. पुलाच्या पश्चिमेला त्याला येऊन मिळणारा सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल महापालिकेच्याच मालकीचा होता. नव्या गोखले पुलाची पातळी रेल्वेच्या निकषांनुसार वर गेली, बर्फीवाला पूल मात्र होता तेथेच राहिला, आणि २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची पहिली बाजू सुरू झाली तेव्हा दोन्ही पूल शेजारी-शेजारी असून एकमेकांना मिळत नाहीत हे सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर आयआयटी मुंबई आणि व्हीजेटीआय येथील तज्ज्ञांचा सल्ला घेऊन जी दुरुस्ती झाली ती अभियांत्रिकीच्या दृष्टीने खरोखर देखणी होती : बर्फीवाला पुलाचा जोडाकडचा भाग जलदाबाच्या जॅकांनी हळूहळू, एका कडेला १,३९७ मिलिमीटर आणि दुसऱ्या कडेला ६५० मिलिमीटर, असा वर उचलला गेला, खालचे खांब त्या प्रमाणात वाढवले गेले, आणि ४ जुलै २०२४ रोजी त्या बाजूची वाहतूक सुरू झाली. दोन कडांच्या आकड्यांतला फरक पाहिला म्हणजे काम किती नाजूक होते ते कळते, कारण पूल नुसता वर न्यायचा नव्हता, तो किंचित तिरकाही करायचा होता. जे काम जॅकने इतके सुबक झाले ते आधी पेन्सिलने झाले असते तर बरे, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे कठीण आहे.

आराखडा तयार होण्याची रीत पाहिली तर ही चूक कोणा एकाच्या निष्काळजीपणापेक्षा पद्धतीतून आलेली दिसते. महापालिका सल्लागार नेमून सर्वसाधारण मांडणीचा नकाशा बनवते, ज्याला कार्यालयांत 'जीएडी' म्हणतात. तो रेल्वेच्या विभागीय कार्यालयात जातो, तेथून मुख्यालयात जातो आणि बांधकाम, विद्युत, सिग्नल आणि परिचालन या प्रत्येक शाखेची सही त्यावर घेतली जाते. एका शाखेने सिग्नलची केबल हलवण्यास सांगितले की खांबाची जागा बदलते, खांब बदलला की गाळ्याची लांबी बदलते, आणि नकाशा पुन्हा पहिल्या टेबलावर येतो. लोखंडी गाळ्याचा आराखडा लखनौच्या रेल्वे संशोधन संस्थेच्या मानकांत बसावा लागतो आणि चालू रुळांवरच्या कामाला सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते. या नकाशावर रुळांपासून पोहोचमार्गाच्या टोकापर्यंतचे सगळे असते. त्या टोकाच्या पुढे जे आहे ते नकाशाच्या चौकटीबाहेर पडते, आणि चौकटीबाहेरच्या गोष्टीला कोणत्याही शाखेची सही लागत नाही.

प्रत्यक्ष पाडकामातही हीच वाटणी दिसते. कर्नाक पुलाचा रुळांवरचा भाग मध्य रेल्वेने १९ नोव्हेंबर २०२२ च्या रात्रीपासून २७ तासांचा मेगाब्लॉक घेऊन उतरवला : गॅस कटरने लोखंड कापायचे, अवजड क्रेनने तुकडा उचलायचा, खाली तारा आणि रूळ सुरक्षित ठेवायचे, आणि सोमवारच्या पहिल्या लोकलआधी सगळे आवरायचे. २०१६ च्या जानेवारीत हँकॉक पूलही अशाच ब्लॉकमध्ये गेला होता. पाडण्याचे काम असे दीड-दोन दिवसांत होते, कारण ते पूर्णपणे एकाच्या हद्दीत आणि एकाच्या वेळापत्रकावर चालते. बांधणी हद्द ओलांडते. नव्या कर्नाक पुलाची लांबी ३२८ मीटर असून तिच्यापैकी फक्त ७० मीटर रेल्वे हद्दीत आहेत, पण संपूर्ण पुलाचा वेग त्या सत्तर मीटरांनी ठरवला. त्यासाठी प्रत्येकी सुमारे ५५० टन वजनाचे दोन गर्डर, म्हणजे त्रिकोणी जाळीच्या लोखंडी तुळया, शेजारी जोडून रुळांवर सरकवावे लागले; पहिला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आणि दुसरा २०२५ च्या जानेवारीत. १० जुलै २०२५ रोजी हा पूल 'सिंदूर पूल' या नव्या नावाने वाहतुकीस खुला झाला.

गर्डरची गोष्ट थोडी अधिक सांगण्याजोगी आहे. गोखले पुलाचा एकेक गर्डर सुमारे तेराशे टनांचा, आणि त्याचे भाग अंबाल्याच्या कारखान्यात बनून ट्रकने मुंबईला आले. साहजिकच पोलाद कारखान्यातला संप आणि उत्तरेतला पूर यांचा फटका अंधेरीच्या चौकाला बसला. जागेवर आल्यानंतर हे भाग रुळांच्या बाजूला उंच आधारांवर जोडले जातात, जोडलेला सांगाडा रात्रीच्या ब्लॉकमध्ये इंच-इंच आडवा सरकवला जातो, आणि मग कित्येक मीटर खाली उतरवून बेअरिंगवर ठेवला जातो. बेअरिंग म्हणजे गर्डर आणि खांब यांच्यामधली ती बैठक, जी भार खाली देते आणि गर्डरला किंचित सरकूही देते, कारण नव्वद मीटर लांबीचे पोलाद तापमानात तीस अंशांचा फरक पडला तर सुमारे तीन सेंटिमीटर लांब होते. ही तीन सेंटिमीटरची मोकळीक गंजाने किंवा कचऱ्याने गोठली की गर्डर खांबालाच ढकलू लागतो. पुलाच्या आयुष्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असे काही असेल तर ते बेअरिंग आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या साफ करणे हे काम होय.

आता पैशाकडे वळता येईल. फाटक बंद करून त्या जागी पूल बांधायचा असेल तर खर्चाची वाटणी ठरलेली आहे : दिवसभरातल्या गाड्यांची संख्या आणि तेथून जाणाऱ्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार एक लाखाच्या पुढे गेला की रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलतात, आणि त्यासाठी पेट्रोल-डिझेलवरील उपकरातून उभा राहिलेला केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी हा एक आधार असतो. परंतु जेथे शंभर वर्षांपूर्वीच फाटक जाऊन पूल आला तेथे हा हिशेब तसाच लागू करता येत नाही. तेथे कोणाला काय हवे आहे यावरून वाटाघाट होते. शीवला रेल्वेला स्वतःच्या मार्गिका हव्या होत्या म्हणून खर्च मध्य रेल्वे आणि महापालिका यांच्यात वाटला गेला. अन्यत्र बहुधा 'डिपॉझिट वर्क' ही पद्धत असते, म्हणजे महापालिकेने रक्कम आधी रेल्वेकडे भरायची, तीत रेल्वेचे पर्यवेक्षण शुल्कही धरायचे, आणि काम रेल्वेने आपल्या सवडीने करायचे. पैसे आगाऊ मिळालेल्याला घाई करण्याचे कारण उरत नाही, ही या पद्धतीची उघड उणीव.

महापालिकेच्या बाजूला रक्कम उभी करण्याची अडचण नाही. तिच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकार ७४,४२७ कोटी रुपयांचा होता आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग भांडवली खर्चासाठी ठेवलेला होता. जकात २०१७ मध्ये गेली तरी तिच्या बदल्यात राज्याकडून दरवर्षी आठ टक्के वाढीने भरपाई मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. अडचण असते ती रकमेच्या प्रवासाची. अंदाजपत्रक दरसूचीवर बनते, त्याला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळते, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो, आणि मग जीएडी बदलल्यामुळे गाळा लांबतो, अंदाजपत्रक फुगते, आणि 'सुधारित प्रशासकीय मान्यता' हा शब्द पुन्हा तीच वाट चालायला लावतो. बांधकामाचे दर वर्षाला आठ टक्क्यांनी वाढतात असे धरले तर नऊ वर्षे रेंगाळलेला पूल दुप्पट महाग होतो, आणि ही जादा रक्कम कोणत्याही फलकावर वेगळी लिहिलेली नसते.

त्याहून मोठी रक्कम तर कोणाच्याच हिशेबात येत नाही. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी गोखले पूल पूर्णपणे बंद झाल्यावर अंधेरीच्या पूर्व-पश्चिम वाहतुकीला विलेपार्ले आणि जोगेश्वरीचे पूल, किंवा पाऊस पडला की तुंबणारा अंधेरीचा भुयारी मार्ग, एवढेच पर्याय उरले. अशा पुलावरून दिवसाला पन्नास हजार वाहने जातात आणि वळसा घेताना प्रत्येकाचे दहा रुपयांचे इंधन जास्त जाते असे उदाहरणादाखल मानले तरी वर्षाला सव्वाअठरा कोटी रुपये होतात, आणि त्यात वाया गेलेला वेळ, रुग्णवाहिका, रिक्षावाल्याचा बुडालेला धंदा यांचा समावेश नाही. पूल बंद ठेवण्याच्या प्रत्येक महिन्याची अशी किंमत निविदेतच लिहिली गेली तर आज महाग वाटणारे कित्येक पर्याय स्वस्त ठरतील.

अमेरिकेत पोर्टलंड शहरातल्या सेलवुड पुलाच्या बदलीत हा विचार आधी झाला. १९२५ च्या या पुलाला तेथील मूल्यांकनात शंभरांपैकी दोन गुण मिळाले होते, २००४ मध्ये त्यावरची वजनमर्यादा दहा टनांवर आणल्यामुळे बसगाड्याही बंद झाल्या होत्या, परंतु रोजची सुमारे तीस हजार वाहने वळवायला जवळ दुसरा पूल नव्हता. म्हणून १९ जानेवारी २०१३ रोजी जुन्या पुलाचा अकराशे फूट लांबीचा सांगाडाच एका दिवसात बाजूच्या तात्पुरत्या खांबांवर सरकवण्यात आला, वाहतूक त्यावरून चालू राहिली, आणि मोकळ्या झालेल्या जागी २०१६ पर्यंत नवा पूल उभा राहिला. पैशाच्या बाबतीत मात्र तेथेही हद्द आडवी आली : पूल ज्या मल्टनोमा काउंटीचा होता तिने वाहननोंदणीवर वर्षाला १९ डॉलर शुल्क लावले, आणि तो पूल मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या शेजारच्या क्लॅकमस काउंटीच्या मतदारांनी २०११ मध्ये पाच डॉलरचे शुल्कही मतदानाने फेटाळले.

याउलट जेथे हद्दीचा प्रश्न नसतो तेथे काय होते ते महाडला दिसले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह अनेक जण गेले. त्या जागचा नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. ही तुलना पूर्णपणे न्याय्य नाही, कारण नदीच्या पात्रात ब्लॉक घ्यावा लागत नाही आणि एवढ्या मोठ्या आपत्तीनंतर फाइली आपोआप धावतात. तरीही काही महिने विरुद्ध हँकॉक पुलाची साडेसहा वर्षे, हे अंतर निव्वळ रुळांमुळे पडले असे मानता येत नाही. त्या साडेसहा वर्षांत सँडहर्स्ट रोड परिसरातील रहिवासी जीव मुठीत धरून रूळ ओलांडत राहिले आणि पर्यायी वाटेसाठी त्यांना उच्च न्यायालयात जावे लागले.

राज्य शासन आणि रेल्वे मंत्रालय यांची निम्म्या भागीदारीची 'महारेल' ही कंपनी या अनुभवातूनच उपयोगी ठरू लागली आहे, कारण ती गाळा आणि पोहोचमार्ग दोन्ही एकाच कंत्राटात बांधू शकते. रे रोडचा तारांनी तोललेला पूल तिने २०२५ मध्ये पूर्ण केला. तारांचा पूल शोभेसाठी निवडला जातो असा समज आहे. खरा फायदा असा की त्याला रुळांमध्ये खांब लागत नाहीत आणि ब्लॉकही कमी लागतात. परळला तर १२ सप्टेंबर २०२५ रोजी बंद झालेल्या एल्फिन्स्टन पुलाच्या जागी दुमजली पूल यायचा आहे, ज्याचा वरचा मजला शिवडी-वरळी जोडमार्गाचा. तेथे पाडकामाआधीचा सगळा संघर्ष पुलाशेजारच्या इमारतींतील रहिवाशांच्या पुनर्वसनावर झाला, आणि केईएम व टाटा रुग्णालयांकडे जाणारी वाट बंद होणार ही भीतीही त्यात होती.

दादरच्या १९२५ च्या टिळक पुलासाठी महारेलने वेगळा क्रम धरला आहे : आधी जुन्या पुलाला लागून नव्या पुलाच्या काही मार्गिका उभारायच्या, वाहतूक त्यावर वळवायची, मग जुना पूल उतरवून उरलेला भाग बांधायचा. जागा असेल तेथे हाच क्रम योग्य, पण तो जुन्या पुलावर एक अवघड जबाबदारी टाकतो, कारण पाडायचे ठरलेला पूल बांधकामाच्या काळात, शेजारी पायलिंगचे हादरे बसत असताना, रोजची वाहतूक पेलत राहतो. या शेवटच्या वर्षांत त्याला अवजड वाहनांची बंदी, वारंवार पाहणी, बेअरिंगची साफसफाई आणि प्रसंगी टेकू यांची सर्वांत जास्त गरज असते. आणि नेमक्या याच वर्षांत, जो पूल भंगारात जायचा त्यावर पैसा कशाला, असा शेरा फाइलीवर पडण्याची शक्यताही सर्वांत जास्त असते. हा खर्च जुन्या पुलाच्या देखभालीच्या शीर्षाखाली न मागता नव्या पुलाच्या अंदाजपत्रकातच, पायाच्या खोदाईच्या बाबीशेजारी, धरून ठेवणे हा त्यावरचा साधा कार्यालयीन उपाय आहे.